राग आला की तो अंगात कुठे आहे ते बघा : त्रासदायक भावनांसाठी सजगता

उंबरठा

सजगता, साक्षीभाव, माइंडफुलनेस, विपश्यना... शब्द सगळ्यांना पाठ आहेत. पण ‘म्हणजे नेमकं करायचं काय?’ असं विचारलं की बहुतेकांची गाडी ‘श्वासावर लक्ष द्यायचं’ इथे येऊन थांबते. कुणाला चार शब्द सुनवायची खुमखुमी आलेली असताना श्वासावर लक्ष देऊन बघा. दुसऱ्या श्वासाला मन परत त्या चार शब्दांवर. मग ‘आपल्याला हे जमत नाही’ म्हणून माणूस सोडून देतो. चूक त्याची नसते, हत्यारच अर्धं दिलेलं असतं. हा धागा एवढ्यापुरताच: राग, धास्ती, खंत, लाज असलं काही अंगावर येतं तेव्हा सजगता कशी वापरायची. मोक्ष आणि आत्मसाक्षात्कारासाठी वेगळे धागे आहेत, तिकडे जरूर भांडावं.

भावना एकसंध वाटते, पण तिला तीन पदर असतात: अंगातली संवेदना, मनातली वाक्यं आणि काहीतरी करून टाकायची उर्मी. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी लिहिलं, ‘काही लोकांना मेंटेनन्स वेळेवर भरायची सवयच नाही.’ कानशिलं तापली, जबडा आवळला, छातीच्या खाली काहीतरी घट्ट झालं. ही संवेदना. ‘टोमणा मलाच आहे, स्वतः मात्र दोन-दोन गाड्या लावतो.’ ही वाक्यं. अंगठा आपोआप कीबोर्डवर गेला, ही उर्मी. तिघं एकमेकांना वारा घालतात. वाक्याने जबडा आणखी आवळतो, आवळलेला जबडा वाक्याला खरं ठरवतो (‘उगाच नाही मला एवढा राग आला!’), आणि अंगठा सेंड दाबून मोकळा होतो.

सजगतेचं काम हे पदर सुटे करणं. त्यातला हाताला लागणारा पदर संवेदनेचा. वाक्यं निसरडी असतात. त्यांच्याकडे बघायला जावं तर आपण त्यांच्यात कधी शिरलो ते कळतही नाही. संवेदना वाद घालत नाही, ती आत्ताची असते आणि तिला जागा असते.

मराठीत तर हा नकाशा आयताच आहे. पोटात गोळा येतो, छातीत धस्स होतं, आवंढा घशाशी येतो, तळपायाची आग मस्तकाला जाते, हातपाय गळतात. शाळेत वाक्प्रचार म्हणून पाठ केले, पण प्रत्यक्षात ही शरीराची बऱ्यापैकी अचूक वर्णनं आहेत. गोळा नेमका कुठे, लिंबाएवढा की नारळाएवढा, त्याला कड आहे की नाही, एवढंच विचारायचं राहिलंय.

आता कृती. एकूण पाच ते सात मिनिटं.

फोन पालथा ठेवा. खुर्चीत पाठ टेकवून किंवा न टेकवता, पण दोन्ही पाय जमिनीवर. मांडी घालायची गरज नाही. डोळे मिटायचे नसतील तर समोर तीन-चार फुटांवर जमिनीकडे नजर सोडून द्या. पहिली १५-२० सेकंद फक्त तळपाय: फरशी गार आहे का, टाच जास्त दाबली जातेय की चवडा. मग भावनेला एक नाव, मनातल्या मनात, दोन शब्दांत. ‘राग आहे.’ ‘धास्ती आहे.’ ‘मी रागावलोय कारण...’ नको. ‘कारण’ आलं की गोष्ट सुरू झाली.

मग जागा. ती सापडली की तिथे २० ते ३० सेकंद थांबा आणि वर्णन करा: गरम की गार, दाब की ओढ, ठणका की सणक, एका जागी की सरकतेय, वरवर की खोल. वर्णनात ‘वाईट’, ‘असह्य’ हे शब्द आले तर ते संवेदनेचे नाहीत, आपल्या मताचे आहेत. ‘घट्ट’, ‘टोचरं’, ‘जड’ हे संवेदनेचे. मग लक्ष तिथून उचलून तळहातांवर किंवा परत तळपायांवर, तेवढाच वेळ. पुन्हा त्या जागी. असे चार-पाच हेलपाटे. हेलपाटा महत्त्वाचा आहे, तो गाळू नका. नुसतं दुखऱ्या जागी खिळून बसणं ही सहनशक्तीची परीक्षा होते.

शेवटी उर्मी. हाताला काय करायचंय? तोंडाला काय म्हणायचंय? पायांना उठून जायचंय का? अंगठ्यात, जिभेच्या मुळाशी, खांद्यात ती ओढ चक्क जाणवते. तिला ‘हो’ही म्हणायचं नाही आणि ‘नाही’ही. मिनिटभर बघायचं, डोळे उघडायचे, आणि मग उत्तर द्यायचं की नाही ते ठरवायचं.

पहिले पंधरा दिवस १० पैकी ३-४ तीव्रतेच्या भावनांवरच हे करा. रिक्षावाला नाही म्हणाला, गॅस ऐन फोडणीत संपला, मेलला उत्तर आलं नाही. ९ वर गेलेल्या रागावर पहिला प्रयोग म्हणजे पुरात उतरून पोहायला शिकणं.

आणि सगळ्यात मोठी, सगळ्यात वारंवार होणारी चूक: दर दहा सेकंदांनी ‘गेला का राग?’ असं डोकावणं. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं. आलाच विचार तर घंटी वाजवायची. घंट्या वाजत राहिल्या. अस्वल आलं नाही ना, हे तपासायलाही अस्वल आठवावं लागतं. ‘गेला का?’चं तेच होतं. तुम्ही बघत नसता, दारात उभं राहून पाहुणा जायची वाट बघत असता, आणि पाहुण्याला ते कळतं. राग घालवण्यासाठी हे करायचं नाही. तो असताना आपल्या हातून काय होतं, त्यात फरक पडतो. तो उतरला तर उतरला.

कोकमसरबत

उत्तम लिहिलंय. पण एक अडचण बऱ्याच जणांकडून ऐकू येते: जागा शोधून तिथे लक्ष दिलं की धडधड किंवा घट्टपणा वाढतो. मग काय, तसंच बसायचं?

उंबरठा

@कोकमसरबत, वाढण्याचे दोन प्रकार आहेत. एक, आधीही तेवढंच होतं, लक्ष नव्हतं. हे दोन-तीन हेलपाट्यांत सपाट होतं. दुसरा प्रकार खरंच वाढण्याचा, आणि त्याची खूण चेहऱ्यावर दिसते: भुवया आवळलेल्या, डोळे घट्ट मिटलेले, श्वास अर्ध्यावर धरलेला. म्हणजे बघणं नव्हे, तिथे बोट खुपसून धरणं चाललंय. बॅटरीचा झोत डोळ्यावर मारल्यासारखं.

उपाय म्हणजे झोत रुंद करणं. छातीतली धडधड पाव वाटणीला, बाकी पाऊण लक्ष पाठ, मांड्या, पंख्याचा आवाज, बाहेरचा भाजीवाला यांच्यावर. धडधड चालू राहू दे, एवढ्या मोठ्या खोलीत तीही एक. तरीही वाढत असेल तर त्या दिवशी भावना सोडा, दहा मिनिटं चालून या आणि चालताना पाऊल मोजा. यात हार-बीर काही नाही.

घड्याळजी

शरीराच्या बाजूने थोडी भर घालतो.

‘कुठलीही भावना ९० सेकंदांत संपते’ हे वाक्य फॉरवर्डमधून फार फिरतं. ते आकड्यानिशी धरून बसू नका. अचानक दचकलो, भडकलो की अ‍ॅड्रेनलिन हे संप्रेरक (हार्मोन) सुटतं. ते रक्तातून काही मिनिटांत ओसरतं. कॉर्टिसॉल हे तणावाचं दुसरं संप्रेरक मात्र उशिरा चढतं, साधारण २० ते ३० मिनिटांनी त्याचा कळस येतो, आणि उतरायला तासभर किंवा जास्तही लागू शकतो. त्यामुळे भांडण मिटल्यावरही अर्धा-पाऊण तास माणूस ‘चढलेला’ असतो आणि त्या वेळात दुसऱ्या कुणावर तरी उखडतो. बहुतेकदा घरच्यांवर. ९० सेकंद मोजून ‘अजून का गेला नाही’ म्हणून वैतागणारे पुन्हा नवा डोस सोडतात.

दुसरं, श्वास. ४ आकडे श्वास आत, ६ आकडे बाहेर, मिनिटाला साधारण सहा श्वास. उच्छ्वास लांबवला की व्हेगस मज्जातंतूमार्फत हृदयाचा वेग उतरतो, हे खरं आहे. पण ही शांत होण्याची युक्ती आहे, सजगता नव्हे. सजगतेत श्वास जसा आहे तसा बघतात, त्याला वळण लावत नाहीत. दोन्हींची मिसळ करायला हरकत नाही, फक्त आपण कुठलं करतोय ते माहीत असावं. तीव्रता ७ च्या वर असेल तर आधी लांब उच्छ्वासाचे आठ-दहा श्वास, मग उंबरठांनी दिलेली कृती.

ज्यांना पॅनिकचा त्रास आहे किंवा दमा आहे त्यांनी श्वासाला हातच लावू नये असं माझं मत. श्वासाकडे बघितलं की तो अपुरा वाटतो, मग मोठमोठे श्वास घेतले जातात, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, चक्कर येते, आणि माणसाला वाटतं आता मी जातोय. त्यांच्यासाठी तळपाय, तळहात किंवा आवाज.

आणि हे ठळकपणे: छातीत पहिल्यांदाच दुखतंय, दाब डाव्या हातात किंवा जबड्यात जातोय, घाम फुटलाय, तर सजगता वगैरे बाजूला ठेवा. आधी डॉक्टर आणि ईसीजी. ‘भावना आहे’ हे निदान नंतर.

तिठा

मूळ लेखात ‘नाव द्या’ म्हटलंय, त्यावर परंपरांत चक्क मतभेद आहे. विपश्यनेचे आचार्य गोएंका यांच्या पद्धतीत नाव देत नाहीत. पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास. चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत संवेदना बघत जायचं, मनात शब्द न उच्चारता. सुखद असो वा दुःखद, समता ठेवायची आणि बदलतेय हे बघायचं. ब्रह्मदेशातल्याच महासी सयाडो या भिक्खूंच्या परंपरेत मात्र मनात हळूच नोंद करतात: ‘राग, राग’, ‘दुखतंय, दुखतंय’. दोन्ही सतिपट्ठान सुत्तालाच (सजगतेवरच्या बुद्धाच्या उपदेशालाच) मानतात.

त्या सुत्तातला चित्तानुपस्सनेचा (चित्ताकडे बघत राहण्याचा) भाग या धाग्याशी थेट जुळतो. चित्त द्वेषयुक्त असेल तर ‘द्वेषयुक्त आहे’ असं जाणावं, द्वेषरहित असेल तर तसं जाणावं. तिथे ‘द्वेष हाकलावा’ असं नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही शिस्त आणि वरचं ‘गेला का?’ हे प्रकरण एकत्र वाचून बघा.

व्यवहारात: नुकती सुरुवात असेल तर नाव द्यावं, मनाला टेकायला काठी मिळते. सवय झाली की नाव आपोआप गळतं. नाव जपासारखं यांत्रिक झालं (‘राग राग राग राग’) तर बंद करून थेट संवेदनेवर या.

इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात जाऊ का, हेही हमखास विचारलं जातं. दहा दिवस मौन, पहाटे साडेचारपासून रात्री नऊपर्यंतचा दिनक्रम, फोन जमा. गोएंकांनी १९६९ मध्ये मुंबईत पहिलं शिबिर घेतलं तेव्हापासून साचा तोच आहे. शिस्तीची बैठक हवी असेल तर उत्तम. पण घटस्फोट, मृत्यू, नोकरी जाणं यांच्या ऐन तडाख्यात ‘मन शांत करायला’ म्हणून पहिलं शिबिर करू नये. दहा दिवस बोलायला कुणी नाही आणि आतलं सगळं वर येतं. अर्जात मानसिक आजार आणि औषधांची विचारणा असते, ती खरी भरा. गोळ्या परस्पर बंद करून जाऊ नका.

पाटीपेन्सिल

तिठा, +१. विशेषतः शेवटच्या परिच्छेदाला +१००.

रानजाई

नावाबद्दल आणखी. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूचे स्कॅन करून बघितलं: चिडलेला किंवा घाबरलेला चेहरा दाखवून भावनेचा शब्द निवडायला लावला की अमिग्डलाची (मेंदूतल्या धोका टिपणाऱ्या भागाची) हालचाल कमी होते आणि कपाळामागच्या उजव्या बाजूच्या एका भागाची वाढते. त्याच चेहऱ्याला नुसतं माणसाचं नाव जोडायला लावलं तर असा फरक पडत नाही. म्हणजे शब्द भावनेचाच लागतो.

पण ‘राग’ हा फार जाडाभरडा शब्द आहे. मराठीत वाण नाही हो! चीड, वैताग, त्रागा, संताप, रुसवा, धुसफूस, घुसमट. प्रत्येकाचं अंगातलं ठिकाण आणि मागणी वेगळी. वैताग सहसा कपाळात आणि खांद्यांत, मागणी ‘जरा एकटं सोडा’. रुसव्याची मागणी नेमकी उलट, ‘कुणीतरी विचारा’. घुसमट छातीत आणि गळ्यात. तिला बोलायचं असतं आणि बोलता येत नसतं. रुसव्याला राग म्हटलं की माणूस भांडायला जातो, आणि हवी असलेली विचारपूस आणखी लांब पळते.

तसंच भीतीचं. दचका क्षणाचा, धाक माणसाचा, धास्ती पुढे होणाऱ्या गोष्टीची, धसका होऊन गेलेल्या गोष्टीचा, घोर बराच काळ मुक्कामाला असलेला. परदेशात राहणाऱ्यांना रात्री दोनला भारतातून फोन आला की होतं ते धस्स. फोनवर सगळं ठीक निघाल्यावरही पुढचे तासभर राहतो तो घोर, आणि त्याचं मूळ त्या फोनमध्ये नसतंच.

खंत आणि रुखरुख यांतही गल्लत होते. रुखरुख छोटी, टोचरी, बहुतेकदा एखाद्या न केलेल्या कृतीची: एक फोन केला, एक माफी मागितली की जाते. खंत करून टाकण्यासारखी नसते. तिला जागा द्यावी लागते.

पहिला शब्द सुचला की लगेच थांबू नका. ‘राग आहे... की अपमान?’ योग्य शब्द लागला की अंगात कुठेतरी किंचित सैल होतं, बहुतेकदा एक लांब श्वास आपोआप सुटतो. ती खूण. तीनापेक्षा जास्त शब्द चाचपू नका, नाहीतर शब्दकोडं होतं.

सावळाराम

सगळं छान, पण मला यात एक पळवाट दिसते. घरमालकाने डिपॉझिट बुडवलं, साहेब रोज चारचौघांत पाणउतारा करतो, सासरी हात उचलला जातो. आणि आपण काय करायचं, तर पोटातला गोळा लिंबाएवढा आहे की नारळाएवढा ते बघायचं? हे अन्याय मुकाट गिळायचं ट्रेनिंग आहे. कॉर्पोरेटवाले उगाच नाही दर शुक्रवारी माइंडफुलनेसचं सेशन ठेवत. कामाचे तास कमी करण्यापेक्षा स्वस्त पडतं ते.

उंबरठा

सावळाराम, शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत.

आधीच्या भागावर: राग ही बातमी आहे. आपली हद्द कुणीतरी ओलांडली, असं ती सांगते. बातमी ऐकायची की बातमीदाराचा गळा धरायचा, एवढाच प्रश्न. सजगतेनंतर डिपॉझिटसाठी नोटीस पाठवायचीच आहे. फरक इतकाच की रात्री बाराला शिव्यांचा मेसेज जाण्याऐवजी सकाळी करारनामा आणि पैसे भरल्याच्या पावत्या जोडलेली नोटीस जाते. कृतीच्या शेवटी ‘मग ठरवायचं’ लिहिलंय ते त्यासाठी. ‘बघितलं, शांत झालो, सोडून दिलं’ हे दर वेळी, त्याच माणसाबाबत, त्याच गोष्टीवर होत असेल तर सजगता चुकतेय. ती झापड झाली.

मारहाणीच्या घरात तर याचा सल्लाच देऊ नये. तिथे आधी सुरक्षितता, मग बाकीचं.

कोकमसरबत

मग विवेकनिष्ठ विचारपद्धतीशी याचं कसं जमतं? अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाची ही पद्धत तर वाक्यांशी सरळ वाद घालायला सांगते. ‘त्याने असं वागताच कामा नये’ यातला ‘कामा नये’ पकडायचा, पुरावा मागायचा, त्याच्या जागी ‘वागला नसता तर बरं’ आणायचं. इथे म्हणताय वाक्यांच्या नादी लागू नका.

मधुमालती

@कोकमसरबत, क्रम लावला की भांडण मिटतं. तीव्रता ६-७ च्या वर असताना वाद घालायला गेलं तर आपणच दोन्ही बाजूंचे वकील होतो आणि रागाचा वकील जास्त तयारीचा असतो. म्हणून आधी अंग. ४ च्या आसपास उतरल्यावर वही काढून वाक्य लिहा आणि मग खुशाल एलिस. दोन्हींत फरक असा की विवेकनिष्ठ पद्धत वाक्य बदलते, सजगता वाक्याशी असलेलं नातं बदलते. ‘मी नालायक आहे’ याऐवजी ‘मी नालायक आहे असा विचार आलाय’. शेपटीला तीन शब्द जोडले की वाक्य सत्य न राहता आलेली गोष्ट होतं. उच्चारून बघा, फरक कळेल.

मला मुख्य लिहायचं होतं ते रात्रीच्या दळणाबद्दल. रात्री अडीचला जाग येते आणि जातं सुरू: तो असं का म्हणाला, मी तेव्हा का नाही बोलले, आता काय होणार. दळणाची खूण म्हणजे ‘का’ आणि ‘जर-तर’. पीठ पडत नाही, नुसती घरघर. इथे ‘का’च्या जागी ‘कुठे’ आणि ‘कसं’ बसवायचं. का झालं हे? नको. कुठे जाणवतंय? बरगड्यांखाली. कसं? ओल्या कपड्याला पीळ द्यावा तसं.

अंथरुणात बसून ध्यान करू नका, जागरणाची सवय लागते. आडवं राहूनच डाव्या पायाच्या अंगठ्यापासून सुरू करा: अंगठा, मधली बोटं, करंगळी, तळवा, टाच, घोटा, पोटरी, गुडघा, मांडी, मग उजवा पाय. प्रत्येक ठिकाणी दोन श्वास. विचार आला तर ‘दळण’ एवढंच म्हणून जिथे होतात तिथून पुढे, पहिल्यापासून नाही. पहिल्यापासून करायचा नियम घातला की तीही परीक्षा होते आणि नापास झाल्याच्या भावनेने झोप आणखी उडते. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा. घड्याळ बघू नका. फोन तर अजिबात नको.

हेतू झोपेचा ठेवू नका, झोप लागली तर तक्रारही करू नका. जॉन कॅबट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेल्या आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात हीच शरीरफेरी दिवसा, साधारण ४५ मिनिटं करायला देतात, आणि तिथेही निम्मा वर्ग घोरतो! दिवसा झोप येत असेल तर डोळे अर्धे उघडे ठेवा, किंवा जेवणाआधी करा.

घड्याळजी

पुराव्यांबद्दल कुणी विचारायच्या आत. चिंतेच्या विकारांसाठी २०२२ मध्ये अमेरिकेत २७६ प्रौढांवर झालेल्या चाचणीत हा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम एस्सिटॅलोप्रॅम या गोळीच्या तुलनेत कमी पडला नाही. नैराश्य पुन्हा उलटू नये म्हणून याच्यावर बेतलेली उपचारपद्धती आहे. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या ४२४ रुग्णांवरच्या अभ्यासात दोन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण त्या गटात ४४ टक्के आणि गोळ्या चालू ठेवलेल्या गटात ४७ टक्के आलं. म्हणजे जवळपास बरोबरी, वरचढ नाही.

पण या आकड्यांवर उड्या मारण्याआधी: तिथे लोकांनी प्रशिक्षित शिक्षकाकडे दर आठवड्याला दोन-अडीच तासांचे वर्ग केले, घरी रोजचा गृहपाठ केला. अ‍ॅपवर पाच मिनिटं पावसाचा आवाज ऐकण्याला हे आकडे लागू नाहीत. दुसरं, नैराश्याची ती पद्धत मुळात सावरलेल्या रुग्णांसाठी आखली होती. ऐन नैराश्यात, उठून दात घासायलाही बळ नसताना, ‘आत बघा’ म्हणणं म्हणजे त्याला दळणात ढकलणं. तिथे औषध, माणसांची सोबत, सकाळचं ऊन, थोडं चालणं.

रानजाई

थांबायच्या खुणाही एकत्र असू द्यात. अंग बधिर वाटणं, आपण आपल्यालाच लांबून बघतोय असं वाटणं, खोली खोटी किंवा सपाट दिसणं, जुना प्रसंग आत्ता घडतोय असा समोर उभा राहणं, बसून उठल्यावर दिवसभर हात थरथरत राहणं. कित्येकदा बधिरपणालाच ‘वा, शांत वाटतंय, साक्षीभाव आला’ असं समजलं जातं. ओळखायचं असं: साक्षीभावात रंग, आवाज, चव स्पष्ट होतात, बधिरपणात सगळंच पुसट होतं.

यातलं काही झालं तर डोळे उघडा, उभे राहा, भिंतीला दोन्ही तळहातांनी जोरात रेटा द्या, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, गार पाण्याने तोंड धुवा. जुने आघात असतील (लहानपणचा छळ, अपघात, हिंसा) तर एकट्याने आत न उतरता समुपदेशकाबरोबर. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. त्या विचारांकडे ‘नुसतं बघत’ बसू नका, बोला.

पाटीपेन्सिल

मुलांसाठी काय? सात-आठ वर्षांचं मूल थयथयाट करतंय आणि आई म्हणते, ‘श्वास घे, श्वास घे’. ते आणखी चिडतं.

मधुमालती

@पाटीपेन्सिल, चिडणारच. ‘शांत हो’ हे वाक्य मोठ्यांवर तरी कधी चाललंय? थयथयाटाच्या मध्यात काही शिकवायचं नाही. जवळ, त्याच्या उंचीला बसायचं, आपला श्वास सावकाश ठेवायचा, बास. ओसरल्यावर, दूध पिताना वगैरे, ‘राग कुठे आला होता रे, पोटात की डोक्यात? रंग कुठला होता?’ मुलं फटाफट सांगतात. ‘लाल, इथे, आणि तो उड्या मारत होता.’ वर्णनाच्या बाबतीत ती आपल्यापेक्षा तयार असतात. दोन प्रश्नांवर थांबा, मुलाखत घेऊ नका.

सावळाराम

ठीक आहे, पळवाटीचा मुद्दा तूर्त मागे घेतो. पण ‘पाय जमिनीवर, फोन पालथा, सात मिनिटं’ हे कुणाला जमणार? विरार लोकलमध्ये उभा असलेला माणूस, खांद्यावर दुसऱ्याची बॅग, मागून ढकलाढकली, आणि साहेबाचा मेसेज आलाय. त्याने काय करायचं ते सांगा.

उंबरठा

सावळाराम, त्याच्यासाठी उलट सोपं आहे, फक्त माप लहान करायचं. दोन स्टेशनांच्या मधला वेळ, दोन-तीन मिनिटं.

फोन खिशात. एक हात कडीला असतोच, पकड तपासा. लोकलच्या कडीला जेवढा जोर लागतो त्याच्या दुप्पट जोराने आपण धरलेली असते, विशेषतः डोकं तापलेलं असताना. पकड निम्मी सैल करा, पडत नाही. मग गुडघे: ताठ असतील तर किंचित मोकळे सोडा. गाडीचा हेलकावा टाचेतून चवड्यावर आणि परत कसा जातो ते दहा हेलकावे बघा. मग ‘अपमान आहे’ किंवा जो शब्द असेल तो, एकदा. जबडा आवळलाय का? दातांवर दात असतील तर जीभ खालच्या दातांमागे टेकवा, जबडा आपोआप सुटतो. पुन्हा पाच हेलकावे. मेसेजचं वाक्य डोक्यात येत राहील, येऊ दे. हेलकावाही येतच असतो.

गर्दीत डोळे मिटू नका आणि श्वासाच्या मागे लागू नका, डब्यातली हवा बघता तो प्रयोग फसतोच. खांद्यावरच्या बॅगेचा राग वेगळा मोजा, साहेबाच्या खात्यात जमा करू नका. उत्तर गाडीतून उतरल्यावर, पूल चढून, स्टेशनच्या बाहेर पडून.